मोटारीच्या दुकानातलं तांबं

दुष्काळाची ती लागोपाठची वर्षं सगळ्यांनाच जड गेली, पण आमच्या दुकानात तेव्हा पाय ठेवायला जागा नसायची. माझे यजमान बोअरच्या जळालेल्या मोटारी नव्यानं तार गुंडाळून भरून द्यायचे. पाणी खाली गेलं की मोटार कोरडी फिरते, तापते आणि आतली तांब्याची तार जळून जाते. औरंगाबादेतल्या आमच्या पुंडलिकनगरात त्या काळात गल्लोगल्ली इमारती उठत होत्या. प्रत्येकीला बोअर, आणि प्रत्येक बोअर शेजारच्याचं पाणी ओढणारं. बिडकीनकडचे शेतकरी जीपमध्ये मोटारी टाकून यायचे. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. जळक्या तारेचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मला त्याची इतकी सवय झाली होती की परगावी गेलं की जेवणात काहीतरी कमी आहे असं वाटायचं.

हे मूळचे कन्नड गावचे. आई लहानपणीच गेली, मोठ्या बहिणीनं वाढवलं. काम शिकायला म्हणून औरंगाबादेत आले ते इथलेच झाले. तार भरताना वेढे मनातल्या मनात मोजायचे. तोंडानं गिऱ्हाइकाशी पावसाच्या, धरणाच्या गप्पा चालू, आणि आत मोजणी चालू. प्रत्येक मोटारीचे वेढे ठरलेले असतात. कमी पडले तर मोटार तापते, पुन्हा जळते. ह्यांची मोजणी कधी चुकली नव्हती.

मग काही वर्षांनी भरून दिलेली एक मोटार पुन्हा जळून परत आली. ह्यांनी तारेला दोष दिला. काही दिवसांनी दुसरी आली. मी चहा घेऊन दुकानात गेले, तर हे अर्धी भरलेली कॉइल उलगडत होते. सकाळपासून तेच चाललं असावं, कारण पायाशी तारेचा गुंता पडला होता. मी काय झालं म्हणून विचारलं.

"मोजता मोजता मधीच कुठं जातंय कळत नाय," ते म्हणाले. "माघारी येतो तर आकडाच नसतो."

आवाजात तक्रार नव्हती. मोटारीतला बिघाड सांगावा तसं सांगितलं. त्यांची साठी अजून लांब होती.

आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, त्या बाई होत्या. तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो निघाला, आणि त्यांनी अल्झायमर असल्याचं सांगितलं. हळूहळू वाढत जाईल, म्हणाल्या. गोळ्यांनी थोडा आधार मिळेल, पण गेलेलं परत येणार नाही. रिक्षातून घरी येताना हे बाहेरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. मी ऐकत होते आणि मनाशी ठरवत होते की रडायचं ते नंतर. आधी काय करायचं ते बघायचं.

बातमी कळली तशी कन्नडहून अक्का आल्या, म्हणजे माझ्या नणंदबाई, ज्यांनी ह्यांना वाढवलं त्या. एसटीतून उतरल्या आणि पाणीसुद्धा न पिता दुकानातून स्वयंपाकघरात, तिथून परत दुकानात अशा फिरल्या. गावात कुणीतरी त्यांना मोबाइलवरचं वाचून दाखवलं होतं की अंगात तांबं जास्त झालं की माणूस विसरायला लागतो. दुकानात तारेची भेंडोळी होती. स्वयंपाकघरात सासूबाईंचे तांब्याचे हंडे होते. दुष्काळात नळाला कैक दिवसांनी पाणी यायचं, तेव्हा आम्ही तेच हंडे भरून ठेवायचो आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवून प्यायचो. शेजारच्या काकू तर म्हणायच्या, तांब्यातल्या पाण्यानं बुद्धी तल्लख होते.

अक्कांनी हंडे उचलून दाराबाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवले.

"पाणी बी तांब्यातलं, काम बी तांब्याचं," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाच्या डोक्यात तांबं भिनलंय. दुकान बंद कर."

मी त्यांना सांगितलं की मी आधी विचारून येते, तोवर दुकानातल्या एकाही भेंडोळ्याला हात लावू नका. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना असं बोलले होते. त्यांनी दोन वेळा जेवण घेतलं नाही. मीही मनधरणी केली नाही.

एका बाटलीत नळाचं पाणी घेतलं, दुसरीत हंड्यात साठवून ठेवलेलं, आणि दोन्ही तपासायला दिल्या. हंड्यातल्या पाण्यात तांबं जास्त निघालं, तरी पिण्याच्या मर्यादेच्या आत होतं. तो कागद घेऊन मी डॉक्टरबाईंकडे गेले. मला वाटलं होतं, त्या हसतील. त्यांनी कागद नीट वाचला.

त्यांनी जे समजावलं ते असं. तांबं शरीराला लागतंच, थोडंसं. जेवणातून, पाण्यातून येतं आणि यकृत त्याचा हिशेब ठेवतं. या आजाराच्या काही रुग्णांच्या रक्तात मोकळं तांबं जास्त सापडलंय. मेंदूत जो चिकट गाळ साचतो, त्यातही तांबं दिसलंय. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून काहींना वाटतं की जास्तीचं तांबं तो गाळ बाहेर काढण्याच्या आड येतं. उलट काही म्हणतात, अशा मेंदूत एकूण तांबं कमीच असतं, ते फक्त भलत्या जागी गोळा होतं. शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तार हातात धरल्यानं ते फारसं अंगात जात नाही. जळक्या तारेचा धूर मात्र कुठल्याही माणसाला वाईटच.

मग त्यांनी मला विचारलं, "त्या वर्षांत तुम्हीही हंड्यातलंच पाणी पीत होतात ना?"

मी हो म्हणाले.

"तुमची आठवण शाबूत आहे. त्यावरून तांबं निर्दोष ठरत नाही, आणि तुमच्या यजमानांच्या आजारावरून दोषीही ठरत नाही."

ह्यांच्या रक्तातलं तांबंही त्यांनी तपासायला लावलं. ते ठीक आलं. पण दुष्काळातल्या पाण्यात काय होतं, ते आजचं रक्त कसं सांगणार, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. एवढं खरं बोलणारं माणूस मला त्या दिवसांत दुसरं भेटलं नाही.

घरी येऊन मी अक्कांसमोर बसले. प्यायचं पाणी आजपासून स्टीलमध्ये, तेवढं तुमचं ऐकते, म्हणाले. मोटारीतली जळकी तार सुटी व्हावी म्हणून ती घरात जाळायचो, ते आता बंद, छिन्नीनं कापून काढायची. पण दुकान चालू राहणार.

"दुकान चालू ठेवून तो बरा व्हणार हाय का?" अक्कांनी विचारलं.

"नाय."

"मग कशाला?"

"हात अजून चालतायत त्यांचे. ते थांबेपर्यंत मी थांबवणार नाय."

अक्का उठल्या. त्यांनी ओट्यावरचे हंडे आत आणले आणि माळ्यावर टाकले.

मोजणीसाठी मी आकडा दाखवणारं वाइंडिंगचं, म्हणजे तार गुंडाळायचं यंत्र आणलं. ह्यांना ते अपमानाचं वाटलं, दोन दिवस त्यांनी त्याकडे बघितलं नाही. म्हणून यंत्रावर मी बसले. वेढे मी मोजायचे, मोटारीच्या खाचांमध्ये तार त्यांनी बसवायची, असं सुरू झालं. मग तार बसवायलाही त्यांच्याकडून शिकले. ते चांगले गुरू अजिबात नव्हते. तार वाकडी बसली की हातातून ओढून घ्यायचे, रागवायचे, आणि राग कशाचा ते विसरून पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे. त्यामुळे प्रत्येक धडा मला कितीदा तरी मिळाला आणि पक्का झाला. मी एकटीनं भरलेली पहिली मोटार बिडकीनच्या एका शेतकऱ्याची होती. बाईनं भरली म्हटल्यावर त्यानं न्यायला नाखुशी दाखवली. मी त्याच्यासमोर ती पाण्याच्या टाकीत सोडून चालवून दाखवली. मी ती बंद करेपर्यंत तो तिथंच उभा राहिला, आणि नेताना म्हणाला, लई शांत चालती.

पुढं ह्यांचे हातही थांबले. तार दिली तर बोटांभोवती गुंडाळून बसायचे, ती कशाची हे विचारायचे. मी सांगायचे. मग तेही विचारेनासे झाले. अक्का कन्नडचं घर मुलावर सोपवून आमच्याकडे राहायला आल्या, आणि ज्याला त्यांनी लहानपणी भरवलं होतं त्याला पुन्हा भरवू लागल्या. तांब्यानं झालं का, हे त्या मला अजूनही विचारतात. माहीत नाही, हे माझं उत्तर ऐकलं की मान हलवतात, आणि पुढचा घास कालवायला घेतात.

शहर आता बिडकीनच्या दिशेनं लांबवर पसरलंय. मोटारी येतच असतात. मी सकाळी नऊला दुकान उघडते. हे दारात खुर्चीवर बसलेले असतात, ऊन आलं की मी खुर्ची सावलीत ओढते आणि आत येऊन कामाला लागते.