एसी नसलेल्या गाडीतून सात अमिराती

आमच्या शेजारच्या काकांची गाडी दुबईच्या करामा भागात सगळ्यांच्या ओळखीची होती. रंग कधीकाळी बदामी असावा. एसी मी शाळेत असतानाच बंद पडला होता आणि काकांनी तो दुरुस्त केला नव्हता. काच खाली केली की वारा येतो, असं ते म्हणत. इथल्या उन्हाळ्यात तो वारा म्हणजे इस्त्रीवाल्याच्या दुकानातली वाफ. तरी दरवर्षी पासिंगच्या वेळी ती गाडी पास व्हायची आणि काका बिल्डिंगमध्ये पेढे वाटायचे.

या गाडीतून सात अमिराती फिरायच्या ठरल्या त्या काकांच्या घरच्या सत्यनारायणाच्या दिवशी. दोन हजार सालाच्या पुढेमागची गोष्ट. मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं, पाचव्या टेस्टला. प्रसाद खाताना बोलणं एका रंगाऱ्याकडे वळलं. तो कोकणातला होता, अल क्वोजच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये राहायचा आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच घरांच्या भिंती त्याने सुट्टीच्या दिवशी रंगवल्या होत्या. एका साइटवर परांचीवरून पडून त्याचा कणा मोडला होता. डॉक्टर म्हणत होते की आता इथे करण्यासारखं काही उरलं नाही, त्याला घरी न्या. पण तो बसू शकत नव्हता. विमानात स्ट्रेचर लावायचं तर कितीतरी सीटांचे पैसे भरावे लागतात. त्याच्या कंपनीने हात वर केले होते. काकांनी तिकिटाचा आकडा आधी दिरहममध्ये सांगितला, मग रुपयांत. रुपयांतला ऐकून बाबांनी हातातला प्रसादाचा द्रोण खाली ठेवला.

आईबरोबर डबा घेऊन मी त्याला एकदा हॉस्पिटलमध्ये भेटून आले होते. त्याची मान पट्ट्यात होती, नजर छताकडे. आई नर्सशी बोलत होती तेव्हा त्याने मला विचारलं, "ताई, खिडकीतून काय दिसतं हो?"

मी उठून बघितलं. "पार्किंग."

"बरं. गाड्या आहेत का?"

"आहेत."

मी परत खुर्चीवर येऊन बसले. घरी बाबा मराठीत विचारायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. परक्या माणसाशी तर मी कुठल्याच भाषेत फार बोलत नसे.

त्या पूजेला काकांच्या ऑफिसातले साहेब आले होते. वयाने काकांपेक्षा लहान, हुद्द्याने मोठे. पैसा भरपूर आणि जीभ धारदार. ते म्हणाले, "चंदा मागत फिरू नका हं, त्याला इथे परवानगी लागते. त्यापेक्षा तुमची ती गाडी विका. भंगारवाला येईल का बघा."

सगळे हसले. काका पण हसले. "गाडीला काही म्हणू नका साहेब. सात अमिराती फिरून येईल."

"ही? जुलैमध्ये?"

"जुलैमध्ये."

साहेबांनी हात पुसले. "ठीक. एका दिवसात, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानच्या आत, स्वतःच्या इंजिनवर परत करामात. टो केली तर खलास. मी मागे बसून बघणार, स्टिअरिंगला हात लावणार नाही. आली तर स्ट्रेचरचं तिकीट माझं. मी एकदाच बोलतो, मला आग्रह जमत नाही."

मग कुणीतरी म्हणालं, असं असेल तर सोबत जाणाऱ्या नर्सचं आमच्याकडे. थट्टेतून निघालेलं बोलणं तिथेच पक्कं झालं. काकूंनी मात्र अट घातली की काकांना बीपी आहे, दुसरा ड्रायव्हर पाहिजे. शुक्रवारच्या सुट्टीलाही बाबांची ड्यूटी होती. आईने माझ्याकडे बघितलं.

"आय कान्ट," मी म्हणाले.

"लायसन्स काय फ्रेम करून लावायचंय?" आई म्हणाली.

शुक्रवारी उजाडता उजाडता निघालो. काकूंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, काकांच्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा घातला आणि मागच्या सीटवर दहीभाताचे डबे आणि कोकम सरबताचा थर्मास ठेवला. गाडीवर बोर्ड नाही, झेंडा नाही. कुणी विचारलं तर सांगायचं की फिरायला चाललोय.

अबुधाबीपर्यंत बरं गेलं. हद्दीची पाटी लागली तेव्हा काका म्हणाले, "झाली अबुधाबी." साहेब म्हणाले, "पूल ओलांडल्याशिवाय कसली अबुधाबी?" मग बेटावर नेणारा तो पूल ओलांडून परत फिरलो. परतताना शारजा, अजमान, उम्म अल क्वैन ही नावं शाळेच्या हजेरीसारखी भराभर गेली. रास अल खैमाला सावलीत थांबून दहीभात खाल्ला. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी तक्रार केली नाही, पण बोलायचे थांबले होते. मी शेजारच्या सीटवरून टेम्परेचरचा काटा बघत होते. प्रत्येक चढाला तो थोडा वर जाई आणि उताराला तितका खाली येत नसे.

फुजैराकडे जाणारा डोंगरातला रस्ता लागला तेव्हा दुपार भरली होती. मसाफीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली. काकांनी गाडी कडेला घेतली. आणलेलं पाणी दोन वेळा रेडिएटरने पिऊन टाकलं होतं. डिकीत अर्धा कॅन उरला होता, तो प्यायचा. जुम्म्याची नमाज चालू असणार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना तपकिरी दगडांचे डोंगर आणि त्यांच्यातून परत येणारी उष्णता.

बऱ्याच वेळाने एक पिकअप आली. मागे बकऱ्या होत्या. पांढऱ्या पायघोळ कंदुरातल्या अरब म्हाताऱ्याने काच खाली केली आणि हिंदीत विचारलं, "पानी मांगता?"

काकांनी छातीवर हात ठेवला. "नहीं नहीं, शुक्रिया. आप क्यूं तकलीफ करते हो. हो जाएगा."

म्हाताऱ्याने मान हलवली. "इन्शाल्ला," म्हणाला आणि गेला.

काका त्या पिकअपकडे बघत राहिले. ती वळणाआड गेली तरी त्यांचा हात छातीवरच होता. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. त्याने पुन्हा विचारावं याची ते वाट बघत होते. आमच्याकडे कुणी चहा विचारला की आधी नको म्हणायचं, मग पुन्हा नको, मग अर्धाच. काकांनी आयुष्यात कधी कुणाकडे पहिल्या विचारण्याला हो म्हटलं नव्हतं.

"काका," साहेब हळूच म्हणाले, "त्याला तिसऱ्यांदा विचारायची पद्धत माहीत नव्हती."

कुणी हसलं नाही.

काका गाडीच्या सावलीत बसले. सावली म्हणजे हातभर पट्टा. मी त्यांना कॅनमधलं पाणी दिलं. थोड्या वेळाने बघितलं तर त्यांचा शर्ट कोरडा होता. सकाळपासून घामाने ओलाचिंब होता, आता कोरडा; घामच थांबला होता. चेहरा लाल. मी काही विचारलं की उत्तर उशिरा येत होतं.

"बास झालं," साहेब म्हणाले. "पुढची गाडी येईल ती थांबवू आणि यांना डॉक्टरकडे नेऊ. ही राहू दे इथेच."

"गाडी राहिली," काका एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाले, "तर त्याचं तिकीट राहिलं."

साहेब माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काही ठरवणार होते. मला तो छताकडे बघणारा माणूस आठवत होता आणि समोर काकांचा कोरडा शर्ट दिसत होता. दोन्ही एकदम सांभाळायचे तर काय करावं ते कळत नव्हतं. तेवढ्यात चढावर ट्रकचा आवाज आला. मी रस्त्याच्या मध्यभागी गेले आणि दोन्ही हात वर केले. असं मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

ट्रक थांबला. ड्रायव्हर पठाण होता. "क्या हुआ, बेटी?"

"पानी चाहिए." त्याने विचारायच्या आधीच मी पुढचंही सांगून टाकलं. "बहुत चाहिए. गाडी के लिए, और अंकल के लिए. अभी."

त्याने दोन मोठे कॅन उतरवले. साहेबांनी काकांच्या डोक्यावर, मानेवर, शर्टावर पाणी ओतलं. ओला टॉवेल गुंडाळला, घोट घोट पाणी पाजलं. काका शहारले, मग शिव्या दिल्यासारखं काहीतरी पुटपुटले. तो आवाज नेहमीचा होता. इंजिन थोडं निवल्यावर रेडिएटर भरला. उरलेला कॅन पठाणाने परत घेतला नाही. मीही नको म्हटलं नाही.

फुजैरा जवळ होतं आणि तिथे दवाखाना होता. काकांना मागे आडवं केलं. साहेब पुढे बसले.

"तू चालवणार?"

"लायसन्स आहे."

"कितव्या वेळी मिळालं?"

"पाचव्या."

साहेबांनी सीटबेल्ट लावला.

माझ्या ड्रायव्हिंगच्या उस्तादांनी एकदा सांगितलं होतं की इंजिन तापलं तर हीटर लाव, ते आपली उष्णता तुझ्या अंगावर टाकेल. मी हीटर पूर्ण उघडला. पायांवर आग ओतल्यासारखं झालं. साहेबांनी तोंड उघडलं, काट्याकडे बघितलं आणि मिटलं. काटा लाल रेघेच्या जरा खाली थांबला. दुसऱ्या गिअरमध्ये, वळणावळणावर हॉर्न देत, स्टिअरिंगवर ओला रुमाल ठेवून मी गाडी खाली उतरवली. मागून काकूंच्या कांद्याचा वास येत होता.

दवाखान्यात काकांना सलाइन लावलं. डॉक्टरने त्यांना पडून राहायला सांगितलं आणि आमच्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली. ऊन कलल्यावरच त्याने जायची परवानगी दिली. आता पाणी भरपूर होतं, पण वेळ नव्हता. परतीचा चढ मी दुसऱ्या गिअरमध्ये घेतला. साहेब अधूनमधून फक्त काट्याचा आकडा सांगत होते, देवळातल्या पुजाऱ्यासारखे, एका सुरात. काका मागून म्हणाले, "जोरात नको. पण हळूही नको." शारजाच्या ट्रॅफिकमध्ये सूर्य बिल्डिंगांच्या मागे गेला आणि पुन्हा दिसला. प्रत्येक सिग्नलला मी रेडिओ नसलेल्या त्या गाडीत कान देऊन अजान ऐकत होते.

करामात शिरलो तेव्हा अजून उजेड होता. बिल्डिंगखाली काकू उभ्या होत्या, आई होती. मी इंजिन बंद केलं तरी ते दोन-तीन आचके देत राहिलं. मग कोपऱ्यावरच्या मशिदीतून अजान सुरू झाली.

वर, काकांच्या घरात, काकूंनी सगळ्यांना पाणी दिलं. साहेबांनी चेकबुक काढलं, चेक लिहिला, फाडला आणि काकांपुढे धरला.

काकांचा हात छातीवर गेला. "अहो साहेब, घाई काय आहे? राहू द्या. आधी चहा तरी..."

साहेबांचा हात हवेत थांबला. ते थट्टा करत होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण चेकचं टोक जरासं मागे गेलं, हे मी बघितलं.

मी उठले आणि म्हणाले, "द्या." चेक त्यांच्या बोटांतून काढून घेतला.

"हिला कळलं," साहेब काकांना म्हणाले. काकू चहा ठेवायला गेल्या. या वेळी त्यांनी कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी हॉस्पिटलमध्ये गेले. त्याची नजर अजून छताकडेच होती. तिकीट झालं, नर्स सोबत येणार, असं मी मराठीत सांगितलं, सकाळपासून मनात जुळवलेल्या वाक्यांत. त्याने डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "नको हो ताई. माझ्यासाठी एवढं कशाला? नको."

त्याचं नको संपेपर्यंत मी थांबले. मग खुर्ची जवळ ओढली आणि त्याला मसाफीचा डोंगर कसा दिसतो ते सांगायला लागले.