बांग झाल्यावर आवळलेलं चाक

खिजर जुम्याची नमाज मोडून पळत येताना दिसला तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. भर ऑगस्ट, डांबर नुसतं पेटलेलं, आणि हा बाबा अनवाणी! मशिदीच्या दारात चपलांचा ढीग असतो, त्यातून स्वतःची जोडी शोधायलाही तो थांबला नव्हता.

"मर्विनभाय, भाभी गेल्या काय?"

"कधीच्या! का रे?"

"मागचं डावं चाक. मी पान्यानं बघितलंच नाय."

मी वसईचा, इथे आखातात सित्रातल्या एका गॅरेजचा काउंटर सांभाळतो. खिजर दापोलीकडचा, हवेच्या गनवर हयात घालवलेला मिस्त्री. गन म्हणजे चाकाचे नट आवळायची मशीन. नट बसला की नाही हे तो तिच्या आवाजावरून ओळखायचा, तरीही शेवटी प्रत्येक नट हातातल्या पान्यानं तपासायचाच. गिऱ्हाईक कितीही बोंबललं तरी पठ्ठ्या ऐकायचा नाही.

आमच्या कमालशेठना मात्र बॅटरीच्या गनचं खूळ लागलं होतं. नळीचं लोढणं नको, कॉम्प्रेसरची घरघर नको. खिजर म्हणायचा, "शेठ, ही गन बॅटरी उतरली तरी तसाच आवाज काढते. माझा कान फसंल." शेठ हसून सोडून द्यायचे. पण मशीद शेजारीच, त्यामुळे बांग झाली की कॉम्प्रेसर बंद ठेवायचा, एवढी अदब आम्ही सगळेच पाळतो. तेवढ्यात अडलेलं काम बॅटरीच्या गनवर निघायचं.

त्या शुक्रवारी टेरेसा, माझी बायको, गाडीचे ब्रेक करून घ्यायला आली होती. सोबत आमची लेक प्रिसिला. तीन चाकं चढली आणि बांग झाली. टेरेसाला पोरीला जनाबियाला मैत्रिणीकडे सोडून हॉस्पिटलची शिफ्ट गाठायची होती, ती घायकुतीला आलेली. खिजरनं बॅटरीची गन उचलली, तडतडतड आवाज झाला, "खलास भाभी, यल्ला, निघा!" म्हणाला आणि नमाजला पळाला. नमाजला उभं राहिल्यावर त्याला पाना आठवला.

मी त्याला काय काय बोललो ते इथे नको. पिकअप काढली. टेरेसा फोन उचलेना. गाडी चालवताना ती फोनला हात लावत नाही, भारी शिस्तीची बाई. त्या शिस्तीचा असा संताप आला म्हणून सांगू! खिजर शेजारी बसून पुन्हा पुन्हा नंबर लावत होता आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. "गप बस रे!" मी खेकसलो.

हायवेला लागल्यावर प्रिसिलानं फोन उचलला. "पापा, मम्मा इज ड्रायव्हिंग."

"थांबायला सांग तिला! आत्ताच्या आत्ता!"

"पापा, कार इज मेकिंग अ फनी नॉइज..."

फोन कट झाला. देवा रे, पुढचा तो रस्ता वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

कडेला गाडी दिसली, लाइट लुकलुकत होते. दोघी बाहेर उभ्या, धडधाकट. मी पोरीला पोटाशी धरलं. खिजर चाकाशी बसला. नुसत्या दोन बोटांनी त्यानं नट धरला आणि तो फिरला. एक नट तर वाटेत पडूनच गेला होता.

माझा हात उठला. खरंच उठला. खिजरनं मान खाली घातली आणि तसाच बसून राहिला, मार म्हणून. तेवढ्यात टेरेसा किंचाळली, "मर्विन, त्यांचे पाय बघ!"

तळव्यांना टरारून फोड आले होते. एक फुटलाही होता.

"आधी चाक," खिजर म्हणाला. पिकअपच्या पेटीतून नट काढून लावला आणि हाताच्या पान्यानं ते चाक आवळलं. मग उरलेली तिन्ही तपासली. मी मदतीला वाकलो तर त्यानं माझा हात बाजूला सारला.

टेरेसा नर्स आहे. तिनं वॉर्डातला आवाज लावला. "झालं घट्ट?"

"झालं, भाभी."

"नक्की?"

"अल्लाची कसम."

"मग बसा याच गाडीत. पायांना औषध लावायचंय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या सीटवर जाऊन बसलेल्या प्रिसिलाकडे. दार उघडायला त्यानं वेळ लावला. पण बसला.

टेरेसानं गाडी सुरू केली. मी पिकअप घेऊन मागोमाग निघालो, आणि हॉस्पिटल येईपर्यंत माझी नजर त्या डाव्या चाकावरून हलली नाही.