वायर पोचेल तिथवर

माझ्या दादाला सगळी वस्ती पेंटर म्हणायची. खरं नाव घेऊन कुणी पत्ता विचारला तर शेजारीसुद्धा क्षणभर विचारात पडायचे. मोटारी रंगवण्यात त्याचा हात असा, की चेपलेला दरवाजा त्याच्याकडून रंगवून आला की नेमका कुठला चेपला होता ते मालकालाच आठवावं लागे. गॅरेजच्या रंगखोलीत त्याची सगळी उमेदीची वर्षं गेली. मास्क होता, पण तो नाकावर कमी आणि गळ्यातच जास्त. ‘श्वास कोंडतो त्यानं,’ म्हणायचा. पुढे श्वास कोंडला तो मास्कशिवायच.

छातीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रंगात जे हार्डनर मिसळतात त्यानंच हे झालंय, आणि आता त्याचा नुसता वास जरी गेला तरी छाती आवळेल. नोकरी तिथंच सुटली. मग हळूहळू बाकीचे वासही त्याच्या वाईटावर उठले. फिनेल, अत्तर, ताजा पेपर, पलीकडच्यांनी जाळलेला पाला. दादा पुढच्या खोलीत खिडकी लावून बसू लागला. खिडकीला काच होती, तेवढंच जग.

वहिनी तेव्हा कामाला जायची. बाजाराच्या टोकाला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारं एक दुकान होतं. तिचं मशीन रस्त्याकडे तोंड करून. तिथल्या बायकांचं हसणं समोरच्या पंक्चरवाल्यापर्यंत ऐकू जायचं, आणि त्यात वहिनीचा आवाज सगळ्यांच्या वर. घरात ती तशी हसलेली मला आठवत नाही. एका दुपारी दादा घरात एकटाच असताना त्याला दम्याचा अटॅक आला. पंप टेबलावर होता आणि हात टेबलापर्यंत पोचत नव्हता. मी त्याच गल्लीत राहते, सहज म्हणून डोकावले, म्हणून निभावलं. त्यानंतर वहिनीनं दुकान सोडलं. निरोपाला गेली तेव्हा शेठनं तिची कात्री तिलाच देऊन टाकली. ती तिनं कपाटात ठेवली आणि भाजी चिरायला बसली.

घर म्हणजे दोन खोल्या, मागे मोरी, मोरीच्या मागे पत्र्याची शेड. दादाला मोठ्यानं हाक मारता येत नसे, म्हणून तो पेल्यावर चमचा वाजवायचा. वहिनी कपडे पिळता पिळता थांबायची आणि ओल्या हातांनी आत जायची. बहुतेक वेळा त्याला काहीच नको असायचं. ‘कुठं होतीस?’ एवढंच विचारायचा. घर केवढं, ती जाणार कुठं.

मी एकदा म्हटलं, ‘वहिनी, अधूनमधून बाहेर पडत जा.’

‘पडते की,’ ती म्हणाली, ‘दोरीपर्यंत.’

कपडे वाळत घालायची दोरी. ती हसत म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही.

घरीच गाड्या रंगवायची कल्पना दादाची. शेडमध्ये त्यानं कधीकाळी जुना घेतलेला, हवा भरणारा लहानसा कॉम्प्रेसर पडून होता. ‘फटी बुजवायच्या, दारं लावायची. मी इकडे, तू तिकडे,’ तो म्हणाला. ‘मी सांगेन, तू मारशील. डोकं माझं, हात तुझा.’ वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिला नको होतं, ते मला कळलं. पण कित्येक महिन्यांनी दादाच्या तोंडावर तरतरी आली होती, ती तिलाही दिसत होती. ती ‘बरं’ म्हणाली. वहिनीच्या ‘बरं’मध्ये काय काय मावतं ते मला तोवर माहीत झालं होतं.

शिकवणी पाण्यावर सुरू झाली. दादाकडे सुई झिजलेली एक जुनी फवाऱ्याची गन होती, ती रंगाच्या कामाची नव्हती पण पाण्याला चालली. वहिनी शेडच्या पत्र्यावर फवारा मारायची आणि दादा मागच्या खोलीच्या काचेतून बघायचा. मनगट वळता कामा नये. गन पत्र्यापासून वीतभर लांब, सरळ रेषेत न्यायची. कडेच्या आधीच घोडा दाबायचा, कड ओलांडली की सोडायचा. नवा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. चुकलं की काचेवर चमचा. उन्हानं पत्रा तापलेला असायचा, पाणी बघता बघता उडून जायचं, आणि ती पुन्हा पहिल्या कडेपासून.

‘कंटाळत नाहीस?’ मी विचारलं.

‘पत्रा काही मागत नाही गं,’ ती म्हणाली.

हात बसल्यावर नवी गन घ्यायला आम्ही दोघी रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार दादाच्या ओळखीचा, आम्ही त्याला रंगवालाच म्हणायचो. दादा फोनवर व्हिडिओतून सोबत होताच. वहिनीनं फोन काउंटरवर बरणीला टेकवून उभा केला.

दादाला त्याच्या गॅरेजात होती तशीच गन हवी होती. रंगवाल्यानं ती काढली, किंमत सांगितली, आणि आमची तोंडं बघून स्वतःच परत कपाटात ठेवली. मग तिचीच स्वस्तातली नक्कल पुढे केली.

‘हीच घे,’ दादा फोनमधून म्हणाला.

‘पेंटर, तुमच्या कॉम्प्रेसरचा जीव केवढा?’ रंगवाला म्हणाला. ‘वहिनी, गन कशी दिसते ते बघू नका, हवा किती खाते ते बघा. ही खादाड आहे. टाकी भरेपर्यंत हवा संपवेल, अर्ध्या दरवाजात धाप लागेल आणि रंगाचे थेंब थुंकेल.’

‘थांबत थांबत मारायचं असतं,’ दादा म्हणाला. बोलताना त्यालाच धाप लागली होती.

रंगवाल्यानं तिसरी दिली. लहान, रंगाचा पेला वरच्या अंगाला, कमी हवेवर चालणारी. ‘पट्टा अरुंद येईल, वेळ जास्त जाईल. पण तुमच्या मशीनला झेपेल आणि तुमच्या मनगटालाही.’ वहिनीनं ती हातात धरून हवेतच एक पट्टा मारला. सीटच्या शिवणीवरून बोट फिरवायची तशी. दादा जरा कुरकुरला, मग म्हणाला, ‘घे. पण नोझल मी सांगतो तेच.’

बिल होत होतं तेव्हा वहिनीचं लक्ष खालच्या फळीवर गेलं. तिथं एक खोकं होतं, त्यावर गन आणि जाड नळीचा डबा. ‘हे काय?’

‘विजेवरचं. कॉम्प्रेसर लागत नाही, फुंकणारं मशीन बरोबरच येतं. स्वस्त आहे, पण काम जरा खरबरीत येतं, संत्र्याच्या सालीसारखं. मागून घासून पॉलिश करावं लागतं. हौशी लोक नेतात.’

‘हे घरातच चालवावं लागतं का?’

‘छे. वायर पोचेल तिथं.’

‘ऐकलंस का,’ फोनमधून आवाज आला, ‘निघालात का?’ आम्ही निघालो.

पहिली गाडी आमचीच. माझा नवरा म्हणाला, ‘बिघडून बिघडणार काय, आहे त्याहून वाईट तर दिसणार नाही.’ घासकामाला मी हात लावला. बोटांची सालपटं निघाली. रंगाचा पहिला थर छान बसला. काचेमागून दादानं मान हलवली, आणि वहिनी लाजली, नव्या नवरीसारखी. मला त्या वेळी वाटलं, जमतंय.

दुसऱ्या दिवशी वरचं चकाकीचं लॅकर मारायचं होतं. त्यात हार्डनर. वहिनीनं दारांच्या फटीत ओले टॉवेल खुपसले, खिडक्यांच्या कडांना चिकटपट्टी लावली, आणि दोन्ही गालांवर डबे असलेला मास्क चढवला. तो मास्क तिनं हट्टानं घेतला होता. दादा पुढच्या खोलीत, मी त्याच्या सोबतीला. कॉम्प्रेसर धडधडायला लागला. दादा मान तिरकी करून ऐकत होता.

‘हवा उतरतेय,’ तो म्हणाला. ‘आवाज बदलला बघ. तिला सांग थांब म्हणून.’

‘तिला ऐकू जाणार नाही दादा. दार उघडायचं नाही असं ठरलंय.’

त्यानं भिंतीवर चमचा आपटला. मग मी त्याच्यासाठी पाणी ओतायला वळले, तेवढ्यात तो उठून मागच्या खोलीत गेला. चिकटपट्टी फाटल्याचा आवाज मी ऐकला. त्यानं खिडकी उघडली होती. हाक त्याच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत वास आत आला.

दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. वहिनी त्याच्या उशाशी बसायला गेली तर नर्सनं तिला बाहेर काढलं, तिच्या कपड्यांना, केसांना तोच वास होता. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. मी घरून धुतलेले कपडे नेले, तिथल्या नळाखाली तिचे केस धुतले. पाणी निथळत असताना ती म्हणाली, ‘तुमच्या गाडीचं छत निम्मं राहिलं.’ मग केस पिळता पिळता, ‘आत गेल्यावर आधी मला त्याचा राग आला. तो पडला होता आणि मला राग आला.’ मी टॉवेल दिला.

दादा वाचला. घरात किंवा घराजवळ रंगाचं नावही काढायचं नाही, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली. घरी आल्यावर तो उशांना टेकून म्हणाला, ‘चला, तो नाद सुटला. आता आपलं आपण दोघं घरात.’ त्याच्या बोलण्यात दुःख नव्हतं. सुटल्यासारखाच वाटला. वहिनी औषधाच्या पट्टीतून गोळी काढत होती, ती तिच्या हातातून निसटली. वाकून शोधायला तिला फार वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात तिनं मला दादापाशी बसवलं आणि ती लहान गन पिशवीत घालून एकटी रंगवाल्याकडे गेली. परत आली तेव्हा गनच्या बदली हातात खालच्या फळीवरचं ते खोकं होतं. ते तिनं आत आणलं नाही, उंबऱ्याबाहेरच ठेवलं.

दादानं खोक्यावरचं चित्र काचेतूनच पाहिलं. ‘हे खेळणं आहे.’

‘असेल.’

‘ह्यानं गाडी रंगते?’

‘बंपर रंगतात, दरवाजे रंगतात. अख्खी गाडी मी घेणारच नाही. आणि हार्डनर नसलेला रंग वापरणार. चकाकी कमी येते, पण पॉलिश मला जमतं.’

‘डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस?’

‘घरात नको म्हणाले. ज्याची गाडी त्याच्या अंगणात मारीन.’

दादा माझ्याकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, ‘आणि मी?’

वहिनीनं नजर माझ्याकडे वळवली, तिथंच मी अडकले. ‘दुपारी मी बसेन,’ मी म्हणाले. माझंच तोंड, दुसऱ्या कुणाला दोष देऊ.

आता आठवड्यातल्या काही दुपारी वहिनी खोकं खांद्याला अडकवून जाते. रंगवालाच गिऱ्हाइकं सांगतो. ज्यांना गॅरेज परवडत नाही आणि ओरखडा बघवतही नाही, अशी. ती परत आली की मागच्या बाजूनं शेडमध्ये जाते, अंघोळ करते, केस धुते, कपडे बदलते, मगच घरात पाऊल. दादा कामाचे फोटो मागतो, बोटांनी मोठे करतो आणि चुका काढतो. ‘इथं हात थांबलाय तुझा.’ बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं, आणि ती ऐकून घेते. आमच्या गाडीचं छत मात्र तसंच आहे. अर्धं चकचकीत, अर्धं मुकं. नवरा म्हणतो, असू दे, पार्किंगमध्ये लांबून सापडते.

आणि मी दादापाशी बसते. त्या खोलीत दुपार कशी असते ते मला आता कळलं. घड्याळ चालू असतं पण वेळ पुढे सरकत नाही. मी मोरीत गेले तरी पेला वाजतो. ‘कुठं होतीस?’ तो विचारतो, आणि मी वहिनीसारखीच ओल्या हातांनी येऊन उशी नीट करते. मध्येच तो फोन लावतो. ‘झालं का? किती राहिलं?’ त्याचा राग करावा तर तो काचेबाहेर बघत असतो, रस्त्यावरून गेलेल्या प्रत्येक गाडीचा रंग मनातल्या मनात जुळवत. मग रागही धड करता येत नाही.

परवा माझा नवरा घरी होता. त्याला दादापाशी बसवून मी वहिनीला आणायला गेले, खोकं जड असतं म्हणून. एका शिक्षिकेच्या घरी काम होतं. अंगणात गाडी उभी होती, बंपर रंगवून वाळलासुद्धा होता, कागद-चिकटपट्ट्या काढून झाल्या होत्या, वायर गुंडाळून खोकं बांधलेलं. म्हणजे काम कधीच आटोपलं होतं. वहिनी मास्क मांडीवर घेऊन, उपड्या बादलीवर भिंतीला टेकून बसली होती. काहीही करत नव्हती. रस्त्यावर एक बाई सायकल ढकलत चालली होती, तिच्याकडे बघत होती.

मला पाहून दचकली. मग थोडी सरकली, जणू बादलीवर दोघींना जागा होणार होती. मी पायरीवर टेकले.

तिचा फोन वाजला. तिनं कानाला लावला.

‘हो, झालंच,’ ती म्हणाली. ‘निघालेच आहे.’

फोन तिनं पदराखाली ठेवला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.