सिस्टरसाठी जामीन ठेवलेला खंजीर

एडनच्या सिरा बंदरातला फरज बासुवैद म्हणजे एक नंबरचा तिरसट कोळी. पण अन्नम्मा सिस्टरचं नाव काढा, गडी लगेच विरघळलाच. का नाही विरघळणार? बायको नूरिया बाळंतपणात हातची जायला आली होती. या केरळच्या बाईने स्वतःचं रक्त देऊन तिला वाचवली. ते रक्त बघून आमचा शूर फरज मात्र दारातच आडवा झाला होता.

पुढे शहरात आपलेच लोक आपल्यांवर तोफा डागायला लागले. भारताचं लढाऊ जहाज परदेशी माणसांना न्यायला आलं, पण गोळ्यांमुळे लांबच उभं राहिलं. तिथवर होडीने जायचं, आणि जहाज तीनला निघणार. फरज सिस्टरला धक्क्यावर नेत होता, तर नाक्यावर बंदूकवाल्यांनी अडवलं.

"नर्स जाणार नाही. आमच्या जखमींना कोण बघणार?" म्होरक्या सालिह म्हणाला.

"अठरा दिवस डोळ्याला डोळा नाही तिच्या! तिकडे तिची आई अंथरुणाला खिळलीय. जरा तरी लाज बाळगा रे!"

"मग तू बघतोस का, काका?"

"बघतो!" फरजने बापाचा खंजीर पट्ट्यासकट कमरेचा सोडून पुढे धरला. आमच्यात खंजीर जामीन ठेवला की शब्द फिरवता येत नाही. फिरवला तर सात पिढ्यांना काळिमा. सालिहने तो घेतला आणि रस्ता सोडला.

होडी जहाजाला लागली, तरी सिस्टर शिडीला हात लावेना.

"फरजभाई, तुम्हाला रक्त बघवत नाही. चला, मी परत येते."

"चढ गं बाई! तू होतीस म्हणून माझं घर उभं आहे. आता एवढं तरी करू दे मला."

ती रडतच चढली. जहाज वळून दिसेनासं होईपर्यंत फरज हात हलवत राहिला. मग थेट दवाखाना गाठला.

पहिल्या दिवशी पठ्ठ्या दोनदा चक्कर येऊन पडला. तिसऱ्या दिवशी नुसता भिंतीला टेकला. नंतर जखमा धुताना डोळे मिटायचाही थांबला. अकराव्या दिवशी सालिह स्वतः खंजीर घेऊन आला.

"शब्द पाळलास, काका. सुटलास. जा घरी."

फरजने हात धुतले, खंजीर कमरेला बांधला आणि वॉर्डातल्या डॉक्टरला विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"