विहिरीवरचं इंग्रजी
डांबराचा वास आला की मला हिंगणीतल्या आमच्या वस्तीची विहीर आठवते. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा होता. खोदणारे मजूर पाणी लागायच्या आधीच निघून गेले आणि ओव्हरसियरने काठच्या मोठ्या दगडावर डांबराने इंग्रजीत लिहिलं, ‘वर्क कम्प्लीटेड’. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. वस्तीत मॅट्रिक झालेला मी एकटाच, म्हणून सगळ्यांनी मला वाचायला लावलं. "काम पूर्ण झालं," मी म्हणालो. आत्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "पानी नाई लागलं, मंग काम पूर्ण काऊन? तुलेबी फितवलं का त्यायनं?" ओव्हरसियर गेल्यावर मी डब्यातलं उरलेलं डांबर काडीवर घेतलं आणि त्या दोन शब्दांच्या मधे ‘टू बी’ लिहिलं. आता अर्थ झाला, काम पूर्ण करायचं आहे. "अजून काय लिवून राह्यला?" आत्याचा संशय जाईना. साहेबांनी ते वाचलं, विहिरीत वाकून पाहिलं आणि ओव्हरसियरला तिथेच झापलं. मजूर परत आले, पाणी लागलं. पहिला लोटा आत्याने माझ्यापुढे धरला. "आधी तू पे," ती म्हणाली. तो मान होता की परीक्षा, हे मला अजूनही कळलेलं नाही.