भुंग्याला आपलं कोण

भुंग्याला तिखट आमीच केला, आता कोणाला बोलायचं? धसईकडं आमच्या बाजूला रानातल्या घराला कुत्रा कडक पाहिजे म्हणून पिल्लू चाळीस दिवस कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकतात. घास घालणारे हात दोनच आणि दिसणारी तोंडंही दोनच. मग ते बाकी कोणाला घरचं मानत नाय. भुंग्याला ती दोन तोंडं दाखवली माझ्या जावेनं, अंबूबाईनं, आणि थोरल्या दिरानं, रामूभावजींनी. मी मैना, बाजूच्या घरातली. मला कोणी विचारत नाय तरी मी सांगतेच.

भावजी होते तोवर काय त्रास नव्हता. कोणी आलं की ओट्यावरून म्हणायचे, "आपलाच हाय रे." की भुंग्या गप खाली बसायचा. महिन्यापूर्वी भावजी शेतावरून आले, पाणी प्यायले, आडवे झाले ते उठलेच नाय. ते वाक्य म्हणायला माणूसच उरला नाय.

अंबूबाई तेव्हापासून ओट्यावर बसून. रडली नाय, बोलली नाय. चहा दिला तर प्यायची, नाय दिला तर मागायची नाय. दिवसातनं एकदा उठायची, ती भुंग्याला भाकर घालायला. आणि सव्वा वर्षाचा तो भुंग्या तिच्या पायाशी बसून येईल त्याच्यावर धावायचा. औषधं वाटायला येणाऱ्या आशाताईचा पदर फाडला, दूधवाल्या विठूची पोटरी धरली. मी रोजची, तर माझ्यावरही दात काढायला लागला.

दीपेशचा, तिच्या मुलाचा, आसनगाववरून फोन आला. "काकी, रविवारी पोतं घेऊन येतो. सिद्धगडाच्या रानात सोडून देतो त्याला."

"तुझ्या बापाचा कुत्रा हाय तो! भाजी हाय का पोत्यात भरायला?"

"उद्या कोणाचा जीव गेला तर तू भरून देशील?"

खरंच होतं ते. पण कुत्रा गेला तर ही बाई दिवसातनं एकदाही उठायची नाय, हे मला दिसत होतं.

मी धसईला गुरांच्या डॉक्टरला गाठलं. तो म्हणाला, "मारू नका. बाई नुसती बसून राहते, म्हणून त्याला वाटतं घर आता त्याच्यावरच हाय. दोरी लावा. येणाऱ्यानं त्याच्या डोळ्यात बघायचं नाय, सुक्या बोंबलाचा तुकडा बाजूला टाकायचा. आणि बाईनं स्वतः उठून पुढं व्हायचं, माणसाला तिनं आत घ्यायचं. घर तिचं हाय हे त्याला दिसू दे."

भुंग्याला खांबाला बांधला. पाच दिवस मी बोंबील टाकले. तिसऱ्या दिवशी गुरगुरणं थांबलं, पाचव्या दिवशी शेपटी एकदा हलली. पण अंबूबाई? ढिम्म.

"आक्का, ऊठ ना गो! माझ्या घरात कालवणाला बोंबील राहिला नाय!"

"हं," म्हणाली फक्त. असा राग आला मला, आणि मग घरी जाऊन मीच रडले.

रविवारी दीपेश फाटकाशी आला, काखेत पोतं. भुंग्या दोरी ताणून उभा, पाठीवरचे केस ताठ.

"बघ काकी, माझ्याच घरात मला घेत नाय."

माझ्या जिभेला हाड नाय. "त्यानं तुला धड बघितलाय कधी? बापाच्या दिवसांना आलास तेव्हा त्याला गोठ्यात कोंडला होता. तो डालग्याखाली होता तेव्हा बापानं दोनदा फोन केला, ये म्हणून. गणपतीला पण नाय आलास. आला असतास तर तिसरं तोंड तुझंच दाखवलं असतं."

मला वाटलं, जरा जास्तच बोलले.

तेवढ्यात अंबूबाई उठली. माझ्या हातातला बोंबील घेतला, भुंग्याच्या पुढून चालत फाटकाशी गेली, दीपेशचं मनगट धरलं आणि त्याला आत आणलं.

"आपलाच हाय रे," म्हणाली. महिन्याभरानं आलेला आवाज, खरखरीत.

भुंग्यानं आधी रस्त्याकडं बघितलं. ते वाक्य ज्याचं, तो येतोय का बघत असेल. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"आपलाच हाय," ती पुन्हा म्हणाली आणि बोंबील दीपेशच्या हातात दिला. त्यानं तो बाजूला टाकला. भुंग्यानं हुंगून खाल्ला आणि तिच्या पायाशी बसला.

दीपेश ओट्यावर टेकला आणि हुंदके देऊन रडायला लागला. अंबूबाईच्या डोळ्यात टिपूस नाय.

"जेवून आलास?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली, नाय म्हणून. डोळे पुसले आणि पोतं उचलून पाठीमागं लपवायला लागला.

"राहू दे ते," चुलीकडं जाता जाता ती म्हणाली. "भुंग्याला अंथरायला होईल."