न हलवलेला कप

आमच्या टीममधल्या कांबळेचा फोन आला तेव्हा मी मस्कतजवळ अल खौदला एका व्हिलाच्या गच्चीवर एसीचं काम बघत होतो. "लाटसाहेब गेले रे... सकाळी, झोपेतच." झोपेत? मला ते पटेचना. एका जागी पाच मिनिटं न टिकणारा माणूस असा पडल्या पडल्या जाईलच कसा! महिना उलटला तरी मला स्वस्थ बसवत नाही. जेवता जेवता उठतो, गाडी काढतो आणि अझैबाच्या आमच्या क्रिकेटच्या मैदानाला उगाच एक चक्कर मारून येतो.

लाटसाहेब हे आम्ही ठेवलेलं नाव. खरं नाव लांबलचक होतं, मागेपुढे किताब असलेलं. इंग्लंडमधल्या जुन्या सरदार घराण्यातले साहेब तरुणपणी कौंटी क्रिकेट खेळले, मग निवडून येऊन पार्लमेंटात गेले, काही काळ मंत्रीही होते. पुढे आपटले. मस्कतला कुठल्याशा कंपनीचे सल्लागार म्हणून आले आणि इथलेच झाले. आम्ही चिपळूण-गुहागरकडची माणसं एका शुक्रवारी सकाळी सिमेंटच्या पिचवर मॅट अंथरून खिळे ठोकत होतो, तेव्हा हा उंच म्हातारा गाडीतून उतरला, आमचे दोन वाकडे खिळे उपटून सरळ ठोकले आणि न विचारताच अंपायर म्हणून उभा राहिला... तो कायमचाच. चहासुद्धा उभ्याने, फेऱ्या मारत. "इलेक्शन हरलात कसे?" मी एकदा विचारलं. "तिथे बसून लोकांचं ऐकावं लागतं," ते म्हणाले, "मी उभा राहून बोलतच राहिलो."

मैदान रुस्ताक गावच्या एका वयस्क अर्बाबच्या, म्हणजे ओमानी शेठच्या मालकीचं. त्याने तिथे गोदाम बांधायचं ठरवलं. इतर दिवस आम्ही कुणाचे तरी इंजिनिअर, ड्रायव्हर, फोरमन. शुक्रवारची सकाळ तेवढी आमची होती. साहेबांना घेऊन आम्ही रुस्ताक गाठलं. माजी मंत्रीच तो, दणदणीत भाषण ठोकेल अशी आमची अटकळ. पण साहेब तोंडच उघडेनात! इकडे कॉफीचा इवलासा कप हलवून परत दिला की पाहुण्याला पुरे झालं असं समजतात. नुसताच पुढे केला तर यजमान पुन्हा भरतो, आणि पाहुणा पीत असेपर्यंत यजमानाला उठता येत नाही. साहेब कप हलवेनात. अर्बाब ओततोय, हे पितायत, कप पुन्हा पुढे. मांडी घातलेला गुडघा नुसता उडत होता, त्यावर त्यांनी मूठ दाबून धरली होती. अर्बाबने घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि शेवटी खो खो हसत सुटला. "खलास! जब तक ये बुड्ढा उधर खडा है, तुम लोग खेलो." बाहेर आल्या आल्या साहेबांनी गाडीभोवती भराभर फेऱ्या मारल्या. "आयुष्यात पहिल्यांदाच बसून जिंकलो," म्हणाले. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जी माया वाटली, ती त्यांना कधी सांगायची राहूनच गेली.

आता बुड्ढा तिथे उभा नाही. मैदानाच्या कडेला विटांचा ढीग येऊन पडलाय. गेल्या आठवड्यात मी एकटाच रुस्ताकला गेलो. अर्बाबने साहेबांसाठी दुवा मागितली, बराच वेळ हळहळला, मग कॉफी ओतली. मैदानाचं विचारायला जीभ रेटेना... माणूस जाऊन महिना होतोय आणि आपण जागा मागायची? कप रिकामा झाला. इतक्या वर्षांच्या सवयीने मनगट हलणारच होतं, ते मी आवरलं आणि कप तसाच पुढे धरला. त्याने भरला. मी प्यायलो, पुन्हा धरला. अर्बाबचा हात थांबला. त्याने कपाकडे पाहिलं, माझ्या उडणाऱ्या गुडघ्याकडे पाहिलं.

"तू भी?"

मी मान हलवली, कप नाही. उठून पळावंसं वाटत होतं. अर्बाबने या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही. कॉफीची सुरई पुन्हा तिरपी झाली, आणि गुडघ्यावर मूठ दाबून मी बसून राहिलो.